शेवटची एसटी आणि अकरावीचा अर्ज

दहावीचा निकाल लागला की वाशीतल्या ऑनलाइन सेवा केंद्रांच्या दारात चपलांचा ढीग वाढतो. आत एक संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर, भिंतीकडे तोंड करून फिरणारा टेबलफॅन आणि अकरावीचा अर्ज भरायला आलेली माणसं. मुलाचा अर्ज असेल तर मुलगाच खुर्चीत बसतो, बाप मागे उभा राहतो. मुलीचा असेल तर बहुतेकदा बाप नाहीतर थोरला भाऊ खुर्चीत आणि मुलगी मागे, हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स धरून. केंद्रवाला विचारतो, "कोणती साइड?" उत्तर खुर्चीतून येतं. "आर्ट्सच टाका. सायन्सला प्रॅक्टिकल असतंय, यायला उशीर होतोय." मागून आवाज येत नाही. केंद्रवाला क्लिक करतो. अशा हजारो क्लिकांची पुढे आकडेवारी होते आणि मग एखादा शहाणा माणूस सांगतो की मुलींना कला शाखेची आवडच असते.

या 'आवड' शब्दाची जरा झडती घ्यायला हवी.

वाशी हा धाराशिव जिल्ह्यातला छोटा तालुका. बालाघाटाच्या रांगा, कोरडवाहू शेती, सोलापूर–धुळे महामार्गावरचं पारगाव, शोभेच्या दारूसाठी ओळखलं जाणारं तेरखेडा, पेढ्याच्या दुकानांमुळे प्रवाशांना माहीत असलेला सरमकुंडी फाटा. अलीकडे माळांवर पवनचक्क्यांची पाती फिरू लागली आहेत. वाशी गावात बार्शीच्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचं कर्मवीर मामासाहेब जगदाळे महाविद्यालय आहे. असं महाविद्यालय तालुक्यात असणं ही मुलींच्या दृष्टीने किती मोठी गोष्ट आहे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला चटकन कळणार नाही. ते नसतं तर अनेकींचं शिक्षण बारावीतच आटोपलं असतं. पण शिकायला मिळणं वेगळं आणि काय शिकायचं ते ठरवायला मिळणं वेगळं. पहिली लढाई मुलींनी बरीचशी जिंकली आहे. दुसरीत त्यांना अजून नीट उतरूच दिलेलं नाही.

जिंकली म्हणजे किती? २०२५ च्या बारावीच्या निकालात राज्यात ९४.५८ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलं ८९.५१ टक्के. दहावीतही तसंच, मुली ९६.१४ आणि मुलं ९२.३१. 'मुलींची बाजी' हा मथळा वर्तमानपत्रांनी आता कायमचा जुळवून ठेवायला हरकत नाही, दरवर्षी उपयोगी पडतो. देशाच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणात एकूण ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. विज्ञान शाखेत तर मुलींनी मुलांना मागे टाकलेलं आहे, ५७.२ लाखांत २९.८ लाख मुली. म्हणजे 'पोरींना सायन्स झेपत नाही' हे पारावरचं तत्त्वज्ञान तिथेच निकालात निघालं.

गंमत पुढे आहे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीटसाठी नोंदणी केलेल्या चोवीस लाखांहून अधिक उमेदवारांत तेरा लाखांहून अधिक मुली होत्या. त्याच वर्षी अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये मुलींचं प्रमाण साधारण एक तृतीयांश होतं. दोन्हीकडे भौतिकशास्त्र आहे, दोन्हीकडे रसायनशास्त्र आहे. फरक एकाच विषयाचा, इकडे जीवशास्त्र आणि तिकडे गणित. अकरावीच्या भाषेत सांगायचं तर 'बी ग्रुप' मुलींचा आणि 'ए ग्रुप' मुलांचा. बी.टेक.च्या वर्गात देशभरात दहांत तीनच्या आसपास मुली दिसतात त्या यामुळे. जी मुलगी दहावीला गणितात नव्वद मिळवते, तिला अकरावीत अचानक गणिताची नावड कशी उत्पन्न होते? तिला बहुधा होत नसावी. डॉक्टरीण, नर्स, औषधशास्त्र हे 'बाईमाणसाला शोभणारं' आणि यंत्र, साइट, शिफ्ट हे 'पोरांचं', ही वाटणी घरात आधीच झालेली असते. अर्जावर ती फक्त उतरवली जाते.

सोहम साहू आणि स्टीफन क्लासेन या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या अकरावी-बारावीच्या शाखानिवडीचा अभ्यास केला. त्यांनी एकाच कुटुंबातली मुलं-मुली ताडून पाहिली, म्हणजे गरिबी, जात, गाव, आईबापांचं शिक्षण हे सगळं सारखंच. तरीही विज्ञान किंवा वाणिज्य अशा शाखांकडे जाण्याची मुलींची शक्यता मुलांपेक्षा सुमारे वीस टक्केबिंदूंनी कमी निघाली. एकाच ताटातली भाकरी खाणाऱ्या भावंडांत हा फरक पडतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता एसटीकडे येऊ. वाशीसारख्या तालुक्यात कोणती शाखा घ्यायची, हा प्रश्न निम्मा एसटीच्या वेळापत्रकाचा असतो. कला शाखेचे तास सकाळी सुरू होतात आणि दुपारच्या आत संपतात. मुलगी जेवायला घरी, दुपारी शेतावर किंवा धाकट्या भावंडांकडे. विज्ञानाचं तसं नाही. तास, मग प्रात्यक्षिकं, मग ज्याची ऐपत असेल त्याची शिकवणी. प्रयोगशाळेत पिपेट हातात असताना खिडकीबाहेरून गावाची बस निघून गेली तर मुलगा कुणाच्याही मोटारसायकलवर मागे बसून घरी पोचतो. मुलीने तसं केलं तर दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा आणि तिसऱ्या दिवशी कॉलेज बंद. बाप काही राक्षस नसतो. तो हिशोब करत असतो, आणि त्याच्या हिशोबात अब्रू, अंधार आणि फाट्यापासून गावापर्यंतचा पायरस्ता या तिन्ही रकमा असतात.

हा हिशोब फक्त खेड्यातला आहे असं समजू नये. गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञ संशोधिकेने दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. रस्ता थोडा अधिक सुरक्षित मिळावा म्हणून मुली चांगलं कॉलेज सोडून खालच्या प्रतीचं कॉलेज घेतात आणि मुलांच्या तुलनेत वर्षाला १८,८०० रुपये जास्त मोजायला तयार असतात, असं त्यात दिसलं. दिल्लीत मेट्रो आहे, रिक्षा आहे, रस्त्यावर दिवे आहेत. तिथे ही गत असेल तर पारगाव फाट्यावर सायंकाळी सहानंतर उभ्या असलेल्या मुलीबद्दल वेगळं काय सांगायचं?

वाहन मिळालं की काय होतं तेही दिसलेलं आहे. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात तिथल्या माध्यमिक शाळांतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी बुजली. आपल्याकडेही हे शहाणपण नाही असं नव्हे. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे, मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी बस आणि सायकली आल्या, मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. तिकिटाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. वेळेचा सुटलेला नाही. शाळा सुटण्याची वेळ बसला कळते, प्रात्यक्षिक संपण्याची वेळ कळत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "मग लातूरला टाका." तिथल्या शिकवण्यांच्या, म्हणजे लातूर पॅटर्नच्या, कीर्तीबद्दल सांगायला नको. धाराशिव, बीड, नांदेडची हजारो मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात. मुलगा असला की चार जण मिळून खोली करतात, डबा लावतात. मुलगी असली की बरेचदा आई किंवा आजी सोबत जाऊन राहते. म्हणजे खर्च एका मुलीचा नाही, एका बिऱ्हाडाचा. शिवाय गावाकडे म्हशींची धार कोण काढणार, हा प्रश्न मागे उरतोच. दोन लेकरांपैकी एकालाच पाठवणं परवडत असेल तर कोण जाणार, हे घरात विचारलंही जात नाही. मुलीला जास्त गुण असले तरी नाही. 'ती हुशार आहे, ती कुठंबी शिकल' असं कौतुकाने म्हटलं जातं. हुशारीची शिक्षा म्हणजे गावातलं कॉलेज, आणि कच्चेपणाचं बक्षीस म्हणजे लातूर!

दुसरा हिशोब लग्नाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. शेजारच्या बीडमध्ये हे प्रमाण ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के. वाशीची हद्द बीडला लागूनच आहे. सोयरीक काही जिल्ह्याची सीमा बघून होत नाही. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप कारखान्यावर जातात तेव्हा वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही या भागातली खरी चिंता आहे आणि लवकर लग्न हे तिच्यावर शोधलेलं सगळ्यात वाईट उत्तर.

या चिंतेचा अभ्यासक्रमाशी थेट संबंध आहे. बी.ए. ही मध्येच थांबवता येणारी, पुन्हा जोडता येणारी पदवी आहे. लग्न ठरलं तर सासरहून येऊन परीक्षा देता येते, हजेरीचं बघून घेता येतं. बायोडाटात 'शिक्षण : बी.ए. द्वितीय वर्ष, चालू' असं छान दिसतं. अभियांत्रिकीत चार वर्षं जातात, सबमिशन असतात, इंटर्नशिप असते. मधेच लग्न लागलं तर सगळं पाण्यात. शिवाय इंजिनिअर मुलीला इंजिनिअर नवरा शोधायचा, म्हणजे हुंडाही त्या मापाचा. अशा रीतीने कला शाखा ही विषयांची निवड राहत नाही, स्थळ येईपर्यंतची सोय होते. यात कला शाखेचाही अपमान आहे, हे कुणी बोलत नाही. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी हे विषय मन लावून शिकायला आलेली मुलगी आणि सोय म्हणून बसवलेली मुलगी एकाच बाकावर असतात आणि जग दोघींनाही 'आर्ट्सवाली' म्हणून मोडीत काढतं.

वेळापत्रकाचं हे भांडण नवं नाही. १८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, तीच हुजूरपागा. तेव्हा मुलींना काय शिकवावं यावर वाद पेटलाच, पण किती वेळ शिकवावं यावरही पेटला. दिवसभर शाळेत अडकलेल्या मुलीने घरकाम कधी करायचं, असा टिळकपक्षाचा सवाल होता. आगरकरांनी 'सुधारका'तून मुलामुलींना एकच आणि एकत्र शिक्षण द्यावं अशी बाजू मांडली. १९१६ साली धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं ते मधल्या वाटेने, शिक्षण मातृभाषेतून आणि त्यात गृहजीवनाला लागणारे विषय. कर्व्यांमुळे हजारो घरांची दारं उघडली यात शंका नाही. पण मुलींचा अभ्यासक्रम निराळा ही कल्पनाही त्या वाटेने प्रतिष्ठित झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या गृहविज्ञान महाविद्यालयाचं नाव आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झालं आहे. पाटी बदलली हे चांगलंच झालं. 'गृह' शब्द गेला तरी तो डोक्यातून जायला वेळ लागतो.

विरुद्ध टोकाचं उदाहरण जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं. लग्नाआधीच्या कमला भागवत, लेखिका दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभराच्या अटीवर घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्यांनी तो विषय मिटवला. ही कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. पण एक तपशील सहसा सुटतो. त्यांचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच संस्थेत शिकलेले. घरात रसायनशास्त्र जेवणाच्या पाटावर होतं, म्हणून ते आवडू शकलं.

वाशीतल्या मुलीच्या पाटावर काय असतं? उपकेंद्रातली नर्सबाई, शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, आणि आता महिला पोलीस. या चौघींशिवाय पगार घेणारी बाई तिने जवळून पाहिलेली नसते. माळावरच्या पवनचक्कीच्या पोटात काम करणारी विद्युत तंत्रज्ञ तिने पाहिली आहे का? मग आयटीआयच्या अर्जात इलेक्ट्रिशियन सोडून ती शिवणकामावर किंवा कोपा या संगणकाच्या अभ्यासक्रमावर टिचकी मारते, यात तिचं काय चुकलं? याच भूम-वाशी पट्ट्यात खव्याच्या भट्टीसमोर बायका तासन्‌तास उलथणं फिरवतात. दूध कधी लागतं, खवा कधी उतरवायचा, हे त्यांना वासावरून कळतं. उदगीरला दुग्धतंत्रज्ञानाचं सरकारी महाविद्यालय आहे, तिथे याच विद्येची बी.टेक. पदवी मिळते. भट्टीसमोरच्या आईला ते माहीत नसतं आणि तिच्या मुलीला कुणी सांगत नाही.

दार उघडलं की 'आवड' किती झपाट्याने बदलते, याचा पुरावा आपल्याच राज्यात खडकवासल्याला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एनडीएची परीक्षा मुलींना खुली करायला लावली. नोव्हेंबरमधल्या त्या पहिल्याच परीक्षेला आलेल्या पावणेसहा लाख अर्जांपैकी १ लाख ७७ हजारांहून अधिक अर्ज मुलींचे होते. काल-परवापर्यंत ज्यांना सैन्याची 'आवड नव्हती' त्या एवढ्या मुली काही आठवड्यांत कुठून उगवल्या? ३० मे २०२५ रोजी त्यांच्यातली पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. राज्य सरकारने नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्थाही काढली. आयआयटींचंही तसंच. २०१६ मध्ये बी.टेक.ला मुली आठ टक्क्यांच्या आसपास होत्या. २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या आणि दोनच वर्षांत प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेलं. आणि पोलीस भरती? महिलांच्या ३० टक्के आरक्षणाने काय केलं ते बघायला आकडे नकोत, पहाटे पाचला तालुक्याच्या कुठल्याही रस्त्यावर जा. ट्रॅकपँट घातलेल्या पोरी धावताना दिसतील आणि एखादीचा बाप स्टॉपवॉच घेऊन उभा दिसेल. हाच बाप सायन्सला नको म्हणाला होता. कारण वर्दीचा शेवट त्याला दिसतो, प्रयोगशाळेचा दिसत नाही. एक मात्र आहे, एनडीएतून नौदल किंवा हवाई दलात जायचं तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. ते दार अकरावीच्या क्लिकने आधीच बंद झालेलं असतं.

काही अभ्यासू मंडळी इथे युरोपकडे बोट दाखवतात. फिनलंड-नॉर्वेसारख्या समतेच्या देशांत मुलींना पूर्ण मोकळीक आहे, तरी तिथे तंत्रशिक्षणात मुली कमीच, म्हणजे शेवटी हा कलाचाच प्रश्न. २०१८ साली असा निष्कर्ष गाजला खरा. नंतर इतर संशोधकांना त्यातली आकडेमोड जुळेना आणि मूळ लेखाला दुरुस्ती जोडावी लागली. उलट अल्जीरिया, ट्युनिशियासारख्या देशांत अभियांत्रिकीच्या पदवीधरांत चाळीस टक्क्यांहून अधिक महिला आहेत. त्यांच्या रक्तात यंत्रं जास्त आहेत असं कुणी म्हणणार नाही. आणि हेलसिंकीचा युक्तिवाद तूर्त खरा मानला तरी तो हेलसिंकीत करावा. तिथे रात्री दहाला बस असते. वाशीच्या मुलींना आधी सहाची बस द्या, मग त्यांचा जन्मजात कल मोजायला बसू.

मुलांचंही या वाटणीत भलं झालेलं नाही. वर्गात चित्रं काढणारा, भाषा चांगली असलेला मुलगा 'पोरगी आहेस काय' ऐकून सायन्सला जातो आणि बारावीला आपटतो. एएनएम या परिचारिका अभ्यासक्रमाला प्रवेश फक्त मुलींना आणि एम्समधल्या परिचारिका भरतीत २०१९ पासून पुरुषांना पाचातली एकच जागा. म्हणजे रुग्णसेवेकडे वळू पाहणाऱ्या मुलालाही भिंत आहेच. बारावीला मुली पाच टक्के पुढे जातात, त्याचा दुसरा अर्थ मुलं पाच टक्के मागे पडतात. त्यावर अग्रलेख येत नाहीत, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून मात्र मोर्चे निघतात.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास प्रवर्गांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगला आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण शुल्कमाफी बारावीनंतर भेटते आणि मुलगी दहावीनंतरच गळालेली असते. शिवाय ती शुल्क माफ करते, खोलीभाडं नाही, खानावळ नाही, सोबत राहणाऱ्या आजीचा खर्च तर नाहीच. लातूर, यवतमाळ, तासगावला मुलींची शासकीय निवासी तंत्रनिकेतनं आहेत. शिकायचं तिथेच राहायचं, ही त्यांतली खरी अक्कल आहे. एवढी जुनी आणि पटलेली कल्पना तीनच गावांत का थांबली?

एक सोपी गोष्ट मात्र याच वर्षी करता येईल. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. कोणत्या गावच्या किती मुलींनी आणि किती मुलांनी कोणती शाखा मागितली, दहावीला त्यांना गणितात किती गुण होते, पुढे किती जणींनी वर्ष पूर्ण केलं, हे सगळं सरकारच्या संगणकात पडून आहे. शिक्षण खात्याने वाशी तालुक्याचा गाववार तक्ता काढावा. त्याची एक प्रत महाविद्यालयांना द्यावी आणि दुसरी धाराशिवच्या एसटी विभागीय कार्यालयात पाठवावी, प्रात्यक्षिकं संपण्याच्या वेळा त्यावर ठळक लिहून. आणि ऑनलाइन केंद्रात मुलीला घेऊन येणाऱ्या बापांनी, भावांनी एवढं करावं: खुर्चीतून उठावं आणि तिला बसू द्यावं.